घरी निवांत घोटाघोटानं प्यायला कुठली व्हिस्की? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्यांनी सांगावं

तिसरं रेल्वेगेट :
नमस्कार मंडळी, टिळकवाडीत राहतो, वय ४१. विचारायचं विचारायचं म्हणून बरेच दिवस राहून गेलं होतं. माझं आजवरचं पिणं म्हणजे शेतातली पार्टी नाहीतर ढाबा, क्वार्टर, सोडा, बर्फ, शेंगा, वरनं तिखटजाळ मटण आणि घरी येऊन झोप. चवीकडं लक्ष देऊन प्यायलोय असं एकदाही झालं नाही. मे महिन्यात मेव्हणा बाहेरच्या देशातनं आला, येताना सिंगल माल्टची बाटली घेऊन आला, ती आम्ही पाच जणांनी कोल्ड्रिंक ओतून तासाभरात संपवली. दुसऱ्या दिवशी आवरताना बघितलं तर तळाला बोटभर राहिली होती, ती संध्याकाळी पाणीबिणी काही न घालता नुसतीच जिभेवर घेतली आणि मला खरंच वाईट वाटलं. आधी मधासारखं, मग हिरव्या सफरचंदाची फोड चावल्यासारखं, आणि गिळल्यावर मागनं भाजलेल्या लाकडासारखं काहीतरी येऊन बराच वेळ तोंडात राहिलं. एवढं सगळं आदल्या रात्री आम्ही कोल्ड्रिंकमध्ये बुडवलं होतं.

आता ठरवलंय, शनिवारी रात्री पोरं झोपली की गॅलरीत बसून एकच पेग घ्यायचा पण नीट घ्यायचा. दोन महिन्यांतनं एक बाटली, साडेतीन-चार हजारापर्यंत. कुठनं सुरुवात करू? वय लिहिलेली घेऊ का बिनवयाची? स्कॉचच पाहिजे का आपल्या देशातली चालते? ग्लास, पाणी, बर्फ याचंपण सांगा, मला यातलं काहीच माहिती नाही.

निपाणीची वखार :
दुकानदाराला भारी कुठली म्हणून विचारलात तर तो सगळ्यात महागाची काढून दाखवणार, म्हणून आधी इथं विचारलंत ते बरं केलं. माझं मत, पहिली बाटली जॉनी वॉकर ब्लॅक लेबल घ्या. १२ वर्षांचा ब्लेंड, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून केलेला, सगळीकडं मिळतो, गोडवा पण आहे आणि मागं हलकासा धूर पण आहे. त्यातलं तुम्हाला काय आवडतंय ते कळलं की पुढची बाटली आपोआप ठरते, गोडवा आवडला तर एका वाटेला, धूर आवडला तर दुसऱ्या.

मळीवाला :
मी चिक्कोडी भागात साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे, १७ वर्षं झाली. बाटली निवडायच्या आधी बाटलीत काय असतंय ते समजून घ्या, मग अर्धं काम तिथंच होतंय.

आपल्याकडं ऊस गाळला, साखर काढली की मागं जी काळी दाट मळी राहते ती पाणी घालून यीस्टनं आंबवायची आणि उंच उंच कॉलममधनं सतत ऊर्ध्वपातन करायचं. वरनं जो स्पिरिट येतोय तो ९६ टक्क्यांच्या आसपास, पाण्यासारखा स्वच्छ, आणि त्याला वास जवळपास नसतोच कारण वास काढून टाकणं हेच त्या कॉलमचं काम आहे. स्वस्तातल्या बऱ्याच देशी व्हिस्कीत मोठा भाग हा असला स्पिरिट असतोय, मळीचा नाहीतर धान्याचा, त्यात थोडा माल्ट, रंगाला कॅरॅमल.

सिंगल माल्ट म्हणजे सगळं वेगळं. जव भिजत घालायचे, त्याला मोड आणायचे, आपण मटकीला आणतो तसेच. मोड येताना दाण्यातच अशी एन्झाइम तयार होतात की पिठूळ भागाची साखर करता येते. मोड वाढायच्या आत वाळवायचे, दळायचे, गरम पाण्यात साखर उतरवून घ्यायची, आंबवायचं आणि तांब्याच्या मोठ्या हंड्यात, म्हणजे पॉट स्टिलमध्ये, सहसा दोनदा उतरवायचं. तांबं इथं शोभेला नाही बरं का, गंधकाचे जे उग्र वास असतात ते तांबं धरून ठेवतंय. पण हंड्यातनं सगळाच वास जात नाही, दाण्याचा फळाचा वास स्पिरिटबरोबर पुढं येतोय. मग ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं. एकाच डिस्टिलरीचा, फक्त मोड आणलेल्या जवाचा, म्हणून सिंगल माल्ट. स्कॉच म्हणायला स्कॉटलंडमध्ये निदान ३ वर्षं ओकच्या पिंपात मुरायला लागतंय आणि बाटलीत निदान ४० टक्के अल्कोहोल पाहिजे, हा तिथला कायदा आहे.

लेबलवर १२ लिहिलं असेल तर त्यातली सगळ्यात तरुण व्हिस्की १२ वर्षांची, सरासरी नव्हे.

तिसरं रेल्वेगेट :
मळीवाले साहेब, एवढं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे मी वीस वर्षं जी प्यायलो ती व्हिस्कीच नव्हती का? आमच्या घरचा ऊस पण तुमच्याच बाजूच्या कारखान्याला जातोय, त्यामुळं मनाला लागलं जरा.

मळीवाला :
मनाला लावून घेऊ नका. आपल्या देशात तिला व्हिस्कीच म्हणतात, कायद्यानं चालतंय. युरोपात मात्र व्हिस्की म्हणायला धान्यापासनंच केलेली लागते, मळीच्या स्पिरिटची तिकडं व्हिस्की म्हणून विकता येत नाही. मळीचा चांगला स्पिरिट करणं हे पण कसबाचं काम आहे, मी रोज तेच करतोय. एवढंच आहे की घोटाघोटानं प्यायला त्यात शोधण्यासारखं फार ठेवलेलं नसतंय, ते सोड्यात घालायलाच केलंय.

खडेबाजारची लेक :
मी पिते, महिन्यातनं दोनदा, नवऱ्याबरोबर घरीच. हे लिहायला आधी थोडं अवघड वाटलं पण धागा इतका चांगला चाललाय म्हणून लिहिते.

सगळे म्हणतात व्हिस्कीत व्हॅनिला, टॉफी, ओकचा वास येतो आणि आपल्याला वाटतं आपण टॉफी खात मोठे झालो नाही, आपल्या नाकाला हे कळणार नाही. माझ्या माहेरी कुंदा करतात, तीन पिढ्या. दूध कढईत आटत आलं, साखर पडली आणि कडेनं तांबूस व्हायला लागलं की पाच मिनिटांत वास बदलतो, आधी नुसता दुधाचा गोड वास असतो, मग खमंग, मग जरा जास्त झालं तर कडवट. लहानपणी आजी मला वासावरनं विचारायची, उतरवू का अजून? मला वासावरनंच सांगता यायचं. पहिल्यांदा बर्बनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मक्याच्या व्हिस्कीच्या, पिंपात मुरलेली व्हिस्की ग्लासात घेतली तेव्हा तो मधला खमंग वास सरळ समोर आला, मी नवऱ्याला म्हटलं अरे हा तर कुंदा उतरवायच्या आधीचा वास आहे. त्याला काही कळेना, मला मात्र त्या दिवसापासनं व्हिस्की आवडायला लागली.

पिंपाचं म्हणाल तर अमेरिकेत बर्बनला नवीन, आतनं जाळून काळं केलेलं ओकचं पिंप लागतं, एकदा बर्बन काढली की त्यात परत बर्बन भरता येत नाही, म्हणून ती वापरलेली पिंपं स्कॉटलंडला आणि आपल्याकडं येतात. त्यातनं व्हॅनिला, खोबरं, कुंदा असले वास येतात. शेरी म्हणजे स्पेनची, वरनं स्पिरिट घालून कडक केलेली वाइन, तिच्या पिंपातनं मनुका, खजूर, सुक्या अंजिराचा वास. तुम्ही पहिल्यांदा एवढंच बघा, ग्लासातला वास कुंद्याच्या बाजूचा आहे का मनुक्याच्या.

येळ्ळूरचा सुभेदार :
रामराम. २४ वर्सं फौजेत होतो, आता शेती करूलोय. कँटीनची बाटली महिन्याला मिळतीय त्यामुळं मला खर्चाचं टेन्शन न्हाई, पण प्यायची रीत मला लई उशिरा कळली ती सांगतो.

ग्लास. रुंद तोंडाच्या ग्लासात वास उडून जातोय. पोटाला फुगीर आणि तोंडाला निमुळता ग्लास घ्या, ग्लेनकेर्न म्हणत्यात त्याला, ऑनलाइन मिळतोय, न्हाईतर वाइनचा बारका ग्लास चालतोय. प्लास्टिकचा पेला नको म्हंजे नको. ३० मिली घाला, जास्त न्हाई. घालून पाच मिनिटं तसाच ठेवा. मग वास घ्यायचा पण नाक आत घालायचं न्हाई, ग्लास हनुवटीपाशी धरायचा, तोंड जरा उघडं ठेवायचं आणि हळू नाकाकडं आणायचा. नाक आत घातलं की नुसता स्पिरिट चढतोय, नाकाला झिणझिण्या येत्यात आणि मग पुढं धा मिनिटं काय कळत न्हाई.

पयला घोट एवढाच की जीभ ओली व्हावी. तो चवीचा न्हवं, जिभेला सांगायचा की बाई आता येऊलंय. चव दुसऱ्या घोटाला बगा.

आणि पोट रिकामं ठेवू नका, पण तिखट खाऊन बसू नका. ठेचा खाल्ल्यावर आमृत दिलं तरी कळणार न्हाई. भाजलेल्या शेंगा बेस्ट, मीठ न लावलेल्या.

जांबोटीचा पाऊस :
सुभेदारसाहेबांनी अमृत म्हटलं, मी पण अमृतचंच सांगणार होतो. आपल्याच राज्यातली, बेंगळुरूची. १९४८ साली राधाकृष्ण जगदाळे यांनी कंपनी काढली, आधी रम-ब्रँडी सगळं करायचे. सिंगल माल्ट बाजारात आणली २००४ ला, आणि आणली कुठं तर थेट ग्लासगोत, स्कॉटलंडच्या दारात. पुढं २०१० च्या व्हिस्की बायबलमध्ये जिम मरे या ब्रिटिश लेखकानं अमृत फ्यूजनला १०० पैकी ९७ गुण देऊन जगात तिसरी ठरवली, तिथनं सगळ्या जगाचं आपल्या देशाकडं लक्ष गेलं. फ्यूजनमध्ये बहुतेक भाग आपल्या जवाचा आणि पाव भाग स्कॉटलंडहून आणलेल्या धुरकट जवाचा, ५० टक्क्यांची आहे, त्यामुळं थोडं पाणी घालूनच घ्या.

दुसरी पॉल जॉन. कंपनी बेंगळुरूचीच पण माल्ट गोव्यात कुंकळ्ळीला होते, २०१२ ला लंडनमध्ये आली. ब्रिलियन्स बिनधुराची, एडिटेड हलक्या धुराची, बोल्ड पूर्ण धुराची, तिन्ही ४६ टक्के. हरियाणाची इंद्री पण चांगली आहे, तीन प्रकारच्या पिंपांतली, तीही ४६.

वयाचं विचारलंत म्हणून. पिंपातनं दरवर्षी थोडी व्हिस्की उडून जाते, तिकडं त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या गारव्यात वर्षाला दोन टक्के वगैरे, आपल्या बेंगळुरूला दहा-बारा टक्के. उष्णतेनं लाकूड आणि स्पिरिट दोन्हीचं काम भराभर चालतं. म्हणून आपल्याकडची पाच-सहा वर्षांची माल्ट तिकडच्या बऱ्याच जास्त वयाच्या माल्टइतकी मुरलेली लागते, आणि १२ वर्षं ठेवायची म्हटली तर पिंपात हाताला किती लागणार हिशोब करा. त्यामुळं आपल्या बाटल्यांवर बहुतेक वेळा वय नसतं. वय नाही म्हणून बाजूला ठेवू नका, मी तीन वर्षं ठेवली आणि तीन वर्षं मुकलो.

अथणीचा हुरडा :
स्कॉच एवढी महाग का पण? आमच्याकडं साधी १२ वर्षांची बघितली तर हात मागं येतोय.

जांबोटीचा पाऊस :
बाहेरनं बाटली आली की १५० टक्के आयात शुल्क होतं, वर राज्याचं अबकारी. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनबरोबर जो करार झाला त्यात ते ७५ वर आणि मग दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलंय. तोवर एक मार्ग आहे, काही स्कॉच मोठ्या टाक्यांतनं येतात आणि इथं बाटलीत भरतात, टीचर्स, ब्लॅक डॉग, १०० पायपर्स वगैरे, त्या स्वस्त पडतात. तुम्हाला लेबलवर ४२.८ टक्के दिसतंय ना बऱ्याच बाटल्यांवर, ते जुन्या ब्रिटिश मोजणीतलं ७५ प्रूफ, आपल्या देशात अजून चालतंय.

अथणीचा हुरडा :
आणि गोव्याहनं आणली तर? चोर्ला घाटातनं दर महिन्याला कुणी ना कुणी येतंच असतंय.

निपाणीची वखार :
नको. गोव्याच्या बाटलीवर गोव्यातच विकायची असं छापलेलं असतंय, कणकुंबीला आणि अनमोडला एक्साइजवाले गाड्या बघतात. चार पैसे वाचवायला गेलं आणि गाडीच अडकली असं होतंय.

त्याहून वाईट माझ्याबाबतीत झालं. दोन वर्षांमागं एक ओळखीचा माणूस गोव्याची आहे म्हणून घरपोच बाटली देऊन गेला, नामांकित स्कॉच, डबा-बिबा सगळं. उघडली तर बेकरीतल्या इसेन्सचा वास आणि घशात जाळ. ओतून टाकली. नशीब एकच घोट घेतला होता, कारण असल्या मालात काय घातलंय कुणाला ठाऊक, डोळे जातात माणसांचे. तेव्हापासनं परवान्याच्या दुकानातनंच घेतो, बुचावर कर्नाटक एक्साइजचा स्टिकर अखंड आहे का बघून, बिल घेऊन.

मळीवाला :
वखारवाल्यांचं शंभर टक्के बरोबर. त्यात मिथेनॉल असू शकतंय, चवीवरनं ओळखता येत नाही, मला पण येणार नाही. प्रयोगशाळेतच कळतंय.

तिसरं रेल्वेगेट :
गोव्याचा विषय मग बंदच. धुराचं जरा कुणीतरी समजावून सांगा, पीट पीट म्हणतात ते नक्की काय? धूर बाटलीत घालतात का?

निपाणीची वखार :
हे माझ्या आवडीचं आहे म्हणून लांबण लावतो, माफ करा.

स्कॉटलंडमध्ये दलदलीच्या माळावर हजारो वर्षं गवत, शेवाळ कुजून दबून जी काळी माती तयार होते ती पीट. वाळवली की गोवरीसारखी जळते. मोड आणलेले जव वाळवताना खाली पीट पेटवलं की धूर त्या ओल्या दाण्यात जाऊन बसतो आणि पुढं आंबवणं, ऊर्ध्वपातन, पिंप सगळं होऊन पण जात नाही. त्या धुरातल्या फिनॉलचं, म्हणजे धुराचा वास देणाऱ्या रेणूंचं, प्रमाण दाण्यात मोजतात, पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. आयला नावाचं बेट आहे तिकडं, लॅफ्रॉइग, आर्डबेग, लॅगाव्हुलिन तिथल्याच, दोनशे वर्षांहून जुन्या. आर्डबेगचे जव ५५ पीपीएमच्या आसपास, म्हणजे जबरदस्त धूर.

पण धूर सगळा एकसारखा नसतो हे मला आमच्या वखारीनं शिकवलं. बिडीचा तंबाखू वखारीत थप्प्या लावून ठेवला की पावसाळ्यात त्याला एक गोडसर, चामड्यासारखा, किंचित आंबूस वास सुटतो, त्यात धूर नसतोच. लॅगाव्हुलिनमध्ये मला पहिल्यांदा तोच वास आला आणि त्याच्यामागनं धूर. लॅफ्रॉइगमध्ये मात्र दवाखाना, जखमेवर लावायचं टिंक्चर. पहिल्या दिवशी बाटली बंद करून ठेवली होती, सहा महिन्यांनी परत उघडली आणि आता तीच सगळ्यात आवडती आहे. खानापूर-चंदगडकडच्यांना काजू भाजताना टरफलाच्या तेलाचा जो चरचरीत धूर येतो तो ठाऊक असेल, अथणीवाल्यांना हुरड्याच्या आगटीचा. ग्लासात त्यातला कुठला धूर आहे ते बघत बसायचं. रेल्वेगेट, तुम्ही एकदम आयलाला जाऊ नका. जांबोटीकरांनी सांगितलेली ब्रिलियन्स आणि बोल्ड शेजारी शेजारी ठेवा. घर तेच, धुराचा फरक.

अथणीचा हुरडा :
मी सोडा घालूनच पितो आणि मला तसंच आवडतं. सगळ्यांनी नुसती प्यायलाच पाहिजे असं काही आहे का?

खडेबाजारची लेक :
अजिबात नाही. जपानमध्ये तर व्हिस्की आणि गार सोडा हा त्यांच्या रोजच्या जेवणाबरोबरचा प्रकार आहे, हायबॉल. उन्हाळ्यात मी पण घेते, ब्लेंडची. पण धाग्याचा विषय वास-चव शोधायचा आहे आणि बुडबुडे आणि गारवा दोन्हीनं वास दबतो, म्हणून बर्फ-सोडा त्या एका पेगपुरता बाजूला ठेवायचा.

पाणी मात्र वेगळं. थेंबभर पाण्यानं वास उघडतो हे नुसतं सांगोवांगी नाही, २०१७ साली स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटरवर रेणूंचं गणित मांडून दाखवलं, की अल्कोहोल जास्त असलं की ग्वायकॉल नावाचा धुरकट वासाचा रेणू आत अडकून राहतो आणि पाणी वाढलं की तो वर, हवेच्या बाजूला येतो. आम्ही पोराच्या औषधाच्या बाटलीतला ड्रॉपर धुऊन ठेवलाय त्यासाठी. आधी बिनपाण्याचा घोट, मग चार थेंब, मग अजून चार. पाणी फिल्टरचं घ्या, बोअरचं नको, क्षारांची चव लगेच लागते.

येळ्ळूरचा सुभेदार :
राकसकोप धरणाचं पाणी आलं की मी भरून ठेवतोय, उकळून गार करून. मऊ पाणी हाय. चांगलं लागतंय.

रात्रपाळी :
मी नर्स आहे. कुणाचा रंग उतरवायचा नाही पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट म्हटलंय की दारूचं कुठलंच प्रमाण तब्येतीला पूर्ण सुरक्षित नाही, महाग असो की स्वस्त. झोपेच्या गोळ्या घेत असाल तर त्या रात्री थेंब पण नको, शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम खाली जाते. दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं म्हणून पॅरासिटामॉलवर पॅरासिटामॉल घेऊ नका, लिव्हरवर दोन्हीचा भार पडतो. आणि घरी पितोय म्हणून पेग मोजायचं सोडू नका, ढाब्यावर निदान बिल येतं, घरी कुणी मोजत नाही. ३० मिलीचं माप घरात ठेवा. माझ्या वॉर्डात आलेले किती तरी जण म्हणतात सिस्टर मी रोज थोडीच घेत होतो.

तिसरं रेल्वेगेट :
रात्रपाळी ताई, मनापासनं आभार. माप आजच आणलं, स्टीलचं, एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ६०. मला बीपीची गोळी चालू आहे हे मी वर लिहिलं नव्हतं, डॉक्टरांना विचारून घेतो आणि मगच सुरू करतो.

जांबोटीचा पाऊस :
रेल्वेगेट, अजून एक. बाटली उभी ठेवा, आडवी नको. वाइन आडवी ठेवतात म्हणून मी एक चांगली बाटली वर्षभर आडवी ठेवली होती, स्पिरिटनं बूच कुरतडलं, उघडताना त्याचा चुरा होऊन आत पडला आणि चहाच्या गाळण्यातनं गाळून घ्यावी लागली, चवीत ओल्या पुठ्ठ्याचा वास बसला तो बसलाच. उन्हात ठेवू नका, कपाटात ठेवा. आणि पाव बाटली राहिली की आतल्या हवेनं वास हळूहळू मरतो, तेव्हा लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा नाहीतर संपवून टाका, चार जण बोलावून.

चार जणांवरनं सुचलं. एकट्यानं दोन महिन्याला एक घेण्यापेक्षा चौघांनी एकेक वेगळी आणायची आणि वाटून घ्यायची. ७५० मिलीचे चार वाटे केले की प्रत्येकाला १८७ मिली, म्हणजे ३० चे सहा पेग. तेवढ्याच पैशात चार चवी. मी ब्रिलियन्स आणतो. काचेच्या लहान बाटल्या घरी पडून आहेत, धुऊन वाळवून देतो.

निपाणीची वखार :
बोल्ड माझी.

येळ्ळूरचा सुभेदार :
ब्लॅक लेबल मी घेतो, दुकानातनं बरं का. कँटीनचा कोटा दुसऱ्याला द्यायचा नसतोय. माझ्या मळ्यात बसू, जागा हाय, झोपायची सोय करतो. पिऊन गाडी कुणी हातात घ्यायची न्हाई, हे आधी सांगूलोय.

तिसरं रेल्वेगेट :
फ्यूजन माझ्याकडं. डॉक्टरांनी आठवड्यातनं एकदा, ३० चे दोनच्या वर नको, असं सांगितलंय. खडेबाजार ताई, तुम्ही आणि साहेब पण या ना.

खडेबाजारची लेक :
येतो दोघं. कुंदा माझ्याकडनं. शेरीची व्हिस्की मिळाली तर तिच्याबरोबर कुंदा खाऊन बघा, आधी घोट, मग कुंदा, मग परत घोट.

तिसरं रेल्वेगेट :
तीन आठवड्यांनी लिहितोय. येळ्ळूरला जमलो, वाटे झाले, सगळ्यांनी माप सांभाळलं, सकाळी चहा पिऊन आपापल्या घरी आलो. ते सगळं छान झालंच पण मला लिहायचंय ते परवाच्या शनिवारचं.

बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली. गॅलरीत मेणबत्ती लावून दोन ग्लास घेतले, डाव्या हाताला ब्रिलियन्स, उजव्या हाताला बोल्ड, दोन्हीत ३० मिली. दहा मिनिटं नुसता वासच घेत बसलो. डाव्या ग्लासात मध, पिकलेला फणस आणि ताईंनी सांगितलेला कुंदा, अगदी स्पष्ट. चार थेंब पाणी घातलं तर फणस पुढं आला आणि कुंदा मागं गेला. उजव्या ग्लासात धूर, पण धुराच्या खाली अजून काहीतरी होतं, गोड आणि जळकं, लहानपणीचं ओळखीचं, पण नावच आठवेना. वखारवाल्यांचा तंबाखू नव्हे, हुरडा नव्हे, काजू नव्हे. अर्धा तास तेच करत बसलो.

तेवढ्यात वडील पाणी प्यायला उठले. वय ७६, माळकरी, आयुष्यात थेंब घेतलेला नाही, मला पण कधी रागावले नाहीत की काही बोलले नाहीत. अंधारात बसून काय करतोस म्हणाले. मी म्हटलं आप्पा, एका वासाचं नाव आठवेना झालंय. ते खुर्ची ओढून बसले, ग्लास हातात घेतला नाही, मीच लांबनं धरला. डोळे मिटून एकदा वास घेतला, परत एकदा घेतला आणि म्हणाले, काकवी उतू जाऊन चुलवाणावर सांडली की असा वास येतो. तू चार-पाच वर्षांचा होतास तेव्हा आपलं गुऱ्हाळ होतं, तू रोज त्या चुलवाणापाशी येऊन बसायचास, तुझी आई ओरडायची.

गुऱ्हाळ मला आठवतच नव्हतं. कढई आठवत नाही, माणसं आठवत नाहीत. मग आप्पा तासभर सांगत बसले, कोण फडात होतं, कोण जाळ घालायचं, पहिली ढेप कुणाच्या हातावर ठेवायचे. ग्लासातलं मी नंतर प्यायलो, पाऊस थांबल्यावर.

मळीवाला :
बरोबर ओळखलं तुमच्या वडिलांनी. साखर जळताना जे तयार होतं त्यातलं काही पिंपाच्या जाळलेल्या लाकडात पण तयार होतं, लाकडात पण साखरच असते शेवटी. आप्पांना माझा नमस्कार सांगा.

येळ्ळूरचा सुभेदार :
आमच्या शेजारच्या गावात गुऱ्हाळ दिवाळीनंतर लागतंय. आप्पांना घेऊन या, ताजी काकवी देतो त्यांना.

तिसरं रेल्वेगेट :
आणतो नक्की. पुढच्या फेरीला शेरी पिंपाची कुठली घ्यायची ते सुचवा, यावेळी पाच वाटे करायचे, अथणीवाले पण येतो म्हणालेत.